देवमासा आणि आपलं डुक्कर

रत्नागिरी

चिरंजीव गजेंद्रले दादाचा पोटभर आशीर्वाद.

मी लेकीकडं, प्रियदर्शनीकडं, मजेत आहे. नातू रोज समुद्रावर नेतो. तुह्या पायाचं प्लास्टर निघालं काय? भेंडीले भाव कसा आहे?

इथल्या वाचनालयात एका पुस्तकावर देवमासा दिसला. मले वाटलं, मत्स्यावताराची पोथी. आंघोळ करून उदबत्ती लावली अन् पान उघडलं, तर खलाशी दारू पेत बसलेले! प्रियदर्शनी हसून म्हणे, “बाबा, ही जहाजाची कादंबरी हाय!”

तरी पुरी वाचली. देवमासा कप्तानाचा पाय तोडते, अन् कप्तान सूड घ्यायले समुद्रभर फिरते. जुन्या काळी खरंच एका देवमाशानं जहाज फोडलं होतं, त्यावरून रचली म्हणतात. त्या माशाले कोणी देव समजते, कोणी नशीब. मले तर तुले पाडणारं रानडुक्कर दिसलं. तेही वराह अवतारच की! पण गजू, त्या दोन्ही जनावरांच्या मनात वैर नव्हतं.

तुही घरवाली अंजू फोनवर सांगत होती, तू कुंपणात करंट सोडून राह्यला. “त्याले जित्तं ठेवत नाई,” म्हणतोस. कप्तानही हेच म्हणे. शेवटी मासा निघून गेला, बुडाली जहाजावरची माणसं. गजू, पहाटेच्या अंधारात भेंडी तोडाले अंजूच जाते ना रे?

तार आजच काढ. मी आलो की दोघं मिळून काट्याचं कुंपण घालू. अन् काढल्याचं अंजूले कळवू दे. तुह्या तोंडावर माहा भरवसा नाही.

तुहा दादा,
रंगराव