शीग नसलेलं माप

पिनर, लंडन, ८ नोव्हेंबर १९८७

तीर्थरूप अण्णांना दुरून साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. म्युझियममध्ये हीटिंग आहे, थंडीची काळजी नको. तुमच्या हाताची थरथर कमी झाली का?

इथे मोरोक्कोचं जुनं पितळी माप आलंय. त्याला मुद्द म्हणतात, म्हणजे दोन हातांची ओंजळ. आमच्या विभागाच्या पीएच.डी.वाल्या डॉक्टरसाहेबांनी त्यात गहू ओतले, पट्टी फिरवून सपाट केले आणि माप ठरल्यापेक्षा कमी भरतं, सबब ते वापरणारा व्यापारी लबाड, असं ठरवून मोकळे झाले. ओंजळ कधी सपाट असते का? तुम्ही जन्मभर मापाडी. काठाच्या वर शीग न लावता कधी माप घातलंत? या विद्वानाने आयुष्यात पसाभर दाणे मोजलेले नाहीत.

 माझी नोकरी मार्चपर्यंतच आहे, पुढे वाढवणं डॉक्टरसाहेबांच्याच हातात. त्या व्यापाऱ्याला लबाड ठरवणारा रिपोर्ट मीच टाइप केला.

तुमचा,
हरिदास