बारा लाल गोळ्या

१० मार्च, सोमवार
पाकिटं वाटल्याला आज दहावा सोमवार. कारखान्याच्या शिलाई हॉलमधून फिरले, रांगेरांगेला विचारलं— घेतली का गं लोहाची गोळी? सगळ्या एका सुरात— "घेतली, सिस्टर!" रजिस्टरमध्ये चाळीसच्या चाळीस खुणा. दहा मिनिटांत काम फत्ते! एकीने "गोळी उष्ण पडते हो" म्हणून कुरकुर सुरू केली. तिला तिथेच झापलं. रक्त नाही अंगात, आणि म्हणे उष्ण पडते!

नियम वेगळा आहे, ठाऊक आहे मला. गोळी जेवणाच्या सुट्टीत घ्यायची, माझ्यासमोर, पाण्याबरोबर. सुरुवातीला एकदा रांग लावून पाहिली. सुट्टी संपली तरी निम्म्या उभ्याच! सुपरवायझर डोळे वटारून— "सिस्टर, माझी मशीनं काय तुमच्या गोळ्यांवर चालतात?" मग मीच शहाणपणा केला. बारा आठवड्यांच्या बारा गोळ्या प्रत्येकीच्या हातात देऊन टाकल्या. दर सोमवारी सकाळी घरीच घ्या, खाऊन घ्या, वर लगेच चहा नको. रजिस्टरातला रकाना मात्र तोच राहिला— "समक्ष गिळली".

१२ मार्च, बुधवार
रक्ततपासणीचे आकडे आले. काहींचं हिमोग्लोबिन वाढलंय, काहींचं जिथल्या तिथे. शर्टांची काजं करणारी, तिला मी काजवालीच म्हणते— तिचं आधी ८.२ होतं, आता ८.१! दहा गोळ्या पोटात गेल्यावर? "यंत्राचा दोष असावा" असा शेरा मारला. दुसरं कारण शोधलं नाही.

१३ मार्च, गुरुवार, दुपारी
काजवाली आज आली नाही. तिच्या शेजारची मशीनवाली धापा टाकत आली. काजवालीच्या दोन वर्षांच्या लेकीने सकाळी गोळ्या खाल्ल्या! लाल, चकचकीत, वरून गोड— पोरीला वाटलं खाऊच. दवाखान्यात नेलंय.

"किती खाल्ल्या?"
"तिची आई दोनच म्हणाली. दोनच उरल्या होत्या ना पाकिटात."

दोन असतील तर निभावेल. उलट्या झाल्या, आता खेळतेय, चार वाजता सोडणार आहेत म्हणे.

पण ८.१! तिने एकही घेतली नसेल तर? तर पाकिटात बारा होत्या. अकरा किलोचं लेकरू! लोह असं चढलेलं मूल आधी ओकतं, मग हसतं-खेळतं, घरचे निर्धास्त होतात— आणि दुसऱ्या दिवशी यकृत हात टेकतं. हे मी पाठ केलंय, परीक्षेला लिहिलंय.

काजवाली मला वाचवायला खोटं बोलतेय. माझी नोकरी जाऊ नये म्हणून. केवढं मन त्या बाईचं! आणि मी? बारा म्हटलं की पहिला प्रश्न— मग "समक्ष गिळली" हे कुणी लिहिलं? तीन वाजत आले. तासभर इथेच बसून आहे. भीती वाटतेय. त्या पोरीसाठी की माझ्यासाठी, तेही सांगता येत नाही. लाज वाटते.

उठते.

१४ मार्च, शुक्रवार
गेले काल. पोचले तेव्हा पोरीच्या पायात बूट चढवत होते! सगळ्यांदेखत डॉक्टरांना सांगितलं— दोन नाही, बारा असतील, माझं रजिस्टर खोटं आहे. त्यांनी लगेच पोरीला उचललं आणि एक्स-रेला नेलं.

गोळ्या दिसतात फोटोत. पांढऱ्या. डॉक्टरांनी बोट ठेवून मोजल्या, सात-आठ तरी होत्या, बाकी बहुधा उलटीत पडल्या. "घरी गेली असती तर..." एवढंच म्हणाले.

काजवाली माझ्याकडे बघेना. साहजिकच आहे. माझ्यासाठी बोललेलं तिचं खोटं मीच चव्हाट्यावर आणलं.

१५ मार्च, शनिवार
आतडी धुतली. सलाईनमधून औषध चालू. पोर डोळे उघडत नाही. मी बाहेरच्या बाकावर.

१६ मार्च, रविवार
डोळे उघडले! पाणी मागितलं. पण यकृताचे आकडे उद्या येणार, तोवर डॉक्टर खात्री देत नाहीत. कारखान्यातून निरोप— पुढचं कळेपर्यंत कामावर येऊ नका. बरं. त्याची भीती आता वाटेनाशी झाली. त्या आकड्यांची वाटते.

१७ मार्च, सोमवार
आकडे चांगले. पोर वाचली!

जिन्यात काजवालीचे हात धरले. म्हटलं, माझ्यासाठी कशाला गं खोटं बोललीस? "तुमच्यासाठी? नाही हो, सिस्टर. एकही गोळी घेतली नाही हे कळलं असतं तर तुम्ही चारचौघींत झापलं असतं. तुमची भीती वाटते आम्हाला."