पट्टीवरचा लिंब

१२ नोव्हेंबर १९८१
बुलडोझर आला! लष्कराची जुनी विमानाची पट्टी, महायुद्ध संपल्यापासून ओसाड पडलेली — तिथं म्हणे सोसायटीचे बंगले आणि दुकानांची ओळ. शेजारच्या शकुबाईला आनंद मावेना. "किराण्याला आता लांब जायला नको गं बाई!" मी नुसती मान हलवली.

पट्टीच्या कडेच्या लिंबाखाली माझी पोर आहे. बारशाआधीच गेली. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, पुरतात. बाईमाणसानं जायचं नसतं, म्हणून मी घरातच. हे परत येऊन म्हणाले, "लिंबाखाली ठेवलं." तेवढंच. नाव राहिलंच. मनातल्या मनात सोनी म्हणते.

१५ नोव्हेंबर
हे सातपूरच्या कारखान्यातून फर्स्ट शिफ्ट करून आले. म्हटलं, सोसायटीच्या साहेबांना सांगा ना, तेवढा लिंब ठेवा म्हणावं. म्हणाले, "आता कशाला ते?"
ते! पोटची पोर म्हणजे "ते"! ताट आपटलं मी.

२ डिसेंबर
शेवटी मीच गेले. साहेब भेटलेच नाहीत. मुकादम सावळीराम म्हणाला, "बाई, झाड नकाशात नाय. माझ्या हातात काय हाय?"

३ डिसेंबर
शाळेत लक्ष नाही. पोरांना सातचा पाढा परत परत म्हणायला लावला. हसत होती कार्टी.

१९ जानेवारी १९८२
पट्टीपलीकडे दुकानांचे पाये खणतायत. सुट्टीच्या दिवशी जाऊन लिंबापाशी उभी राहते. खोडावर चुन्याची फुली मारलीय. म्हणजे तोडणारच. अर्ज लिहायला बसले, "विषय" लिहिलं आणि पुढे सुचेना. काय विषय लिहू? रडले नुसती.

९ मार्च
दुकानांवर स्लॅब पडला. लिंब अजून उभा. विचारायचा धीर नाही.

२४ मार्च
वाचला!! साहेबांनी रस्ताच वळवला — सावलीत बाक टाकायचाय म्हणून. माझ्यासाठी नाही, असेना का! सावळीरामला बोलावून शिरा खाऊ घातला. बिचारा लाजला.

२५ मार्च
ह्यांना म्हटलं, आता रोज सोनीपाशी बसेन. हे एकदम भिंतीकडे तोंड करून रडायलाच लागले. "लिंबाखाली नाही गं ती. तिथं मुरूम, पहार लागेना. पट्टीपलीकडे मऊ जमीन होती, तिथं ठेवलं. तू सारखी विचारायचीस — खूण सांगायला दुसरं होतं काय त्या माळावर?"
पलीकडे म्हणजे दुकानं.
पाये खणत होते तेव्हा मी तिथंच होते. खणणाऱ्यांकडे पाठ करून, लिंबाकडे बघत.