उभ्या बाटल्या

पार्सिपनी, न्यू जर्सी
१४ एप्रिल १९८५

ती. सौ. मृणालिनीताईस,
शैलेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला. विवेक जाऊन दोन महिने होऊन गेले. मी कामावर जायला लागलो आहे. औषधांच्या प्रयोगशाळेत डोकं जाग्यावर ठेवावं लागतं, ते एका परीनं बरं आहे. सुमेधानं लायब्ररीतलं काम सोडलं. ती दिवसभर पडून असायची. जेव म्हटलं की दोन घास खायची आणि ताट सरकवायची.

मागच्या आठवड्यात फ्रान्सहून एक लाकडी खोकं आलं. विवेक तीन वर्षं जिथं कामाला होता त्या शातो व्हालमोरेंच्या मालकीणबाईंनी ते न्यू यॉर्कच्या आपल्या भाच्यामार्फत पाठवलं. तू विचारलं होतंस की शातो म्हणजे काय. शब्दाचा अर्थ गढी, पण तिकडे द्राक्षमळा, तळघर आणि तिथली वाइन या सगळ्यालाच ते नाव लागतं. हा मळा तीनशे वर्षांपूर्वी मठातल्या साधूंनी लावला. पुढे राज्यक्रांतीत तो जप्त होऊन एका व्यापाऱ्याकडे आला. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतून आलेल्या एका किडीनं मुळं खाऊन सगळे वेल मारले, आणि औषधही अमेरिकेतूनच आलं. इथल्या रानवेलीच्या मुळांना ती कीड बाधत नाही, म्हणून त्या मुळांवर फ्रान्सच्या वेलींची कलमं बांधली. विवेकनं एकदा फोनवर सांगितलं होतं की बाबा, तिथला प्रत्येक वेल खाली अमेरिकन आणि वर फ्रेंच आहे, आणि मी खाली नाशिक, वर न्यू जर्सी.

खोक्यात १९८२ सालच्या वाइनच्या बारा बाटल्या आहेत. त्या साली उन्हाळा फार चांगला झाला. विवेक तेव्हा तिथं नवा होता. द्राक्षं तोडण्यापासून पिंपं धुण्यापर्यंत सगळं त्यानं केलं, आणि गेल्या वर्षी वाइन बाटल्यांत भरली तेव्हा बुचं बसवण्याच्या यंत्रावर तोच होता. मादामनी चिठ्ठीत लिहिलं आहे की ही वाइन अजून मिटलेली आहे, बाटलीत ती जिवंत असते आणि हळूहळू मोठी होते. १९९५च्या आधी उघडू नका, गार अंधारात आडवी ठेवा.

सुमेधानं ती चिठ्ठी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग उठली, जिन्याखालचं देवाचं कपाट पुसलं आणि बाराही बाटल्या देवांच्या मागे उभ्या करून ठेवल्या. मी म्हटलं, आडव्या ठेवायला सांगितल्यात. ती म्हणाली की त्याला आडवा पाहिला तेवढा पुरे, त्याचं काही मी आता आडवं ठेवणार नाही. दिवस-रात्र तिथं नंदादीप असतो. पंचाण्णव साली विवेक छत्तीस वर्षांचा झाला असता, तेव्हा ती स्वतः बाटली उघडणार आहे. तोवर मला राहायला हवं, असं म्हणाली. त्या दिवसापासून ती नीट जेवते.

पुरुषोत्तमरावांना नमस्कार. आमच्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
शैलेंद्र


नाशिक
९ मे १९८५

चि. शैलेंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, सुमेधा जेवते हे वाचून मला रडू आलं. यांनाही वाचून दाखवलं. हे म्हणाले की बाटल्यांनी तिला उठवलं असेल तर उभ्या ठेव, आडव्या ठेव, डोक्यावर ठेव.

इथं द्राक्षं संपली, खरड छाटणी उरकली. वेली अगदी बोडक्या दिसतात. विवेक ऐंशी साली आला होता तो याच दिवसांत. वर्षातून दोनदा छाटता म्हणून त्यानं यांच्याशी केवढा वाद घातला! म्हणे आत्या, यू पीपल आर टू नाइस, खत देता, पाणी देता, घड औषधात बुडवून फुगवता. वेलीला जरा सफर, म्हणजे हाल, होऊ दे, मग बघ. हे म्हणाले, वेलीला सफर करायला लावलं तर बँक मला सफर करायला लावेल. पोरगा इतका हसला की बांधावर बसला. तेव्हा कुणाला माहीत होतं की इंजिनियरिंग सोडून तो याच कामाला लागेल.

एक सांगते, हसू नकोस. तिथून त्यानं मला पत्र पाठवलं होतं, मोडक्यातोडक्या मराठीत. पिंपातली वाइन नितळ करायला अंड्यातला पांढरा भाग घालतात, आणि तो दिवसभर अंडी फोडत बसला होता. पिवळं सगळं गावच्या बेकरीत गेलं. आता सुमेधानं जन्मात घरात अंडं आणलं नाही, आणि तिच्या देवांच्या पाठीशी बाराच्या बारा अंडीवाल्या बाटल्या! तिला आत्ता नको सांगू. पंचाण्णव साली मीच येऊन सांगेन, आणि मग दोघी मिळून त्याला शिव्या देऊ.

प्रकृतीस जप. तुमच्या तिकडच्या मराठी मंडळातल्या सुलभानं देवाजवळ दारू कशी म्हणून नाक मुरडलं असं कळलं, तिच्याकडे लक्ष देऊ नका. तुम्हा दोघांवर आमचा जीव आहे, तो आहे तसाच समजावा.

तुझी,
ताई


पार्सिपनी
२३ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एक अडचण आली आहे. तुझ्याशिवाय कुणाला विचारावं कळत नाही.

मादामचा भाचा एतिएन गेल्या रविवारी आमच्याकडे जेवायला आला होता. तो न्यू यॉर्कमध्ये त्यांची वाइन विकतो आणि विवेकला ओळखत होता. सुमेधानं श्रीखंड-पुरी केली. जेवणानंतर तिनं मोठ्या हौसेनं देवाचं कपाट उघडून दाखवलं. त्यानं वाकून एकेक बूच पाहिलं. कपाटात हात घातला तर कोमट लागतं, ताई. मागच्या भिंतीतून घर तापवणाऱ्या भट्टीचं धुराडं वर जातं, आणि पुढे रात्रंदिवस दिवा. काही बुचं बाटलीच्या तोंडाबाहेर आली होती आणि कडेनं लाल ओघळ सुकले होते. सुमेधाला वाटतं, वाइन वाढते आहे म्हणून बूच वर येतं.

त्यानं एक बाटली उघडायची परवानगी मागितली. तिथला माणूस म्हणून तिनं दिली. त्यानं वास घेतला, घोटभर प्यायला आणि तिला सांगितलं की तुमच्या मुलानं मन लावून काम केलं होतं. ती समाधानानं भांडी घासायला गेली. स्टेशनवर सोडताना गाडीत त्यानं मला खरं सांगितलं. वाइन गेली आहे, बहुधा पहिल्याच हिवाळ्यात. उभ्या बाटलीचं बूच आतून वाळतं, मग हवा शिरते, आणि उष्णतेनं उरलंसुरलं संपतं. इतर अकराही तशाच असणार.

दुसऱ्या दिवशी मीही चाखली. उकळलेल्या मनुकांचा वास आणि आंबट. धड वाइन नाही, धड व्हिनेगर नाही. मी केमिस्ट आहे. पण ती बाटल्या लावत होती तेव्हा ती उभी राहून काम करते आहे, एवढंच मी पाहिलं होतं.

आता ती रोज विचारते की एतिएनला वाइन कशी वाटली, नेमकं काय म्हणाला. तिला सांगायचं का, ताई? सांगितलं तर त्याचं शेवटचं काम तिच्या हातून गेलं असं होतं. नाही सांगितलं तर आणखी नऊ वर्षं तिनं त्या पाण्यासमोर बसायचं.

तुझ्या सल्ल्याची वाट पाहतो. लोभ आहेच, तो राहावा.

तुझा,
शैलेंद्र


नाशिक
११ डिसेंबर १९८६

चि. शैलेंद्र यास,
आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मग यांच्याशी बोलून हे लिहिते.

तिला सांग, पण दिव्याचं नाव काढू नकोस. भट्टीचंही नको. बुचं खराब निघाली म्हण. हे म्हणतात की आपल्याकडे हंगामात एखादी खेप खोक्यातच सडते, कुणी कुणाला दोष देत नाही. तिकडेही तसं होत असेलच.

तू म्हणशील, बुचं बसवणारा विवेक होता. ठाऊक आहे मला. पण गेलेल्या माणसावर एक खोटं ठेवलं तर त्याला लागत नाही, मागे राहिलेल्याला लागतं. आमच्या पोराला पाण्याच्या बाटलीचं झाकण कधी घट्ट लावता आलं नाही, असं हसून म्हण. आणि मादामना लिहून दुसरी पेटी माग. ती आली की या वेळी तूच आडवी ठेव, तिचं ऐकू नकोस.

उशीर करू नकोस. माझा शब्द चुकीचा पडला तर मोठी बहीण म्हणून पदरात घे.

तुझी,
ताई


पार्सिपनी
२२ फेब्रुवारी १९८७

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विवेकचं दुसरं वर्ष झालं. जवळची चार माणसं आली होती.

तू सांगितलंस तसं मी जानेवारीत बोललो. वाइन बिघडली आहे, बुचं नीट बसली नव्हती. सुमेधा मटार सोलत होती. हात न थांबवता म्हणाली की बुचं विवेकनं बसवली होती. मी झाकणाचं ते वाक्य बोललो. ती हसली नाही. म्हणाली की घरी तो गबाळा होता, कामात नव्हता, आणि तुम्ही त्याच्याबद्दल असं बोलू नका.

दुसऱ्या दिवशी तिनं एतिएनचं कार्ड शोधून त्याला स्वतः फोन केला. दोन वर्षांत तिनं परक्या माणसाला केलेला हा पहिला फोन. माझ्या मुलाच्या हातात दोष होता का, एवढंच विचारलं. एतिएननं तिकडे कळवलं. मादामनी आपल्या बाटल्यांबरोबर त्याच दिवशी भरलेल्या दोन बाटल्या काढल्या, विवेकच्याच यंत्रावरच्या, आणि तळघराच्या मुख्य माणसाबरोबर उघडल्या. मग एतिएनचा फोन आला. मी सुमेधाला काय सांगितलं होतं ते त्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यानं मोकळेपणानं आनंदात सांगितलं की बुचं उत्तम आहेत, वाइन अजून कोवळी आणि कडक आहे, तीस वर्षं सहज टिकेल. मादाम दुसरी पेटी पाठवायला तयार आहेत.

सुमेधानं फोन ठेवला आणि मला म्हणाली, बघा, म्हटलं नव्हतं मी? लग्न झालं तेव्हाचा तिचा चेहरा मला थोडा वेळ दिसला. मग खुर्चीत बसली आणि विचारलं की म्हणजे वाइन आपल्या घरात आल्यावर गेली ना. मी हो म्हटलं. कशानं गेली हे तिनं विचारलं नाही. उठून कपाटाच्या आत, मागच्या भिंतीवर, तळहात ठेवून ती उभी राहिली. मी तिला तिथून हलवलं नाही.

नव्या पेटीचं विचारलं तर म्हणाली की नको म्हणून कळवा. तिथं त्या नीट आहेत, इथं आणू नका. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हेच.

मी मादामना तसं लिहून टाकलं. जुन्या बाटल्या तिच्या सांगण्यावरून मी तळघरातल्या मोरीत ओतल्या. पंचाण्णवचं ती आता बोलत नाही. सकाळी मी निघतो तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेली असते, संध्याकाळी येतो तेव्हाही तशीच. ताट सरकवते.

तुझं काही चुकलं नाही, ताई. लोभ असू दे. उपाय मात्र आता लिहू नकोस.

तुझा,
शैलेंद्र