चाचीच्या वेलाचं खमीर

जालना, चैत्र, १९३७

प्रिय नजीर,

तू हैदराबादला शिकायला गेलास आणि तू जाता जाता सांगितलेल्या युक्तीवर इथं मी नाव कमावून बसलो. आमचे मालक काकासाहेब यांच्या बागेतली तांबडी वाइन यंदा पहिल्यांदा पिण्याजोगी झाली. एरवी ती दरवर्षी नासायची आणि मालक मला धारेवर धरायचे.

तूच म्हणाला होतास, द्राक्षाच्या सालीवर रस फसफसवणारं खमीर असतं आणि जागोजागचं खमीर वेगळं. म्हणून ठिकठिकाणची द्राक्षं आणली आणि न धुता निरनिराळ्या बरण्यांत चिरडली. बागेतल्या द्राक्षांना सडक्या अंड्यांचा वास सुटला, जाफराबादची अर्ध्यावरच थंडावली, हसनाबादचा तर सरळ आंबट सिरका झाला, व्हिनेगरच. एकच बरणी शेवटपर्यंत शांतपणे फसफसली, आणि उघडली तर पिकल्या जांभळांचा वास. तिच्या तळाचा गाळ मी विरजणासारखा सगळ्या रसाला लावला. ती द्राक्षं तुमच्या अंगणातल्या वेलाची होती.

तुझ्या अम्मीनं, मैमूनाचाचीनं, ती सिरक्यासाठी म्हणून दिली. मी तसं म्हणालो नव्हतो, तीच तसं धरून चालली आणि मी गप्प राहिलो. आई गेल्यापासून मी तिच्याच हातचं जेवतो. दारूचं नाव निघालं तरी ती तौबा करते, आणि मी तिच्याच वेलाच्या खमिरावर दारू केली. फार लाज वाटते रे.

त्यात काल तिचं रोटीचं खमीर उन्हानं बिघडलं. तुझ्या सिरक्याचा गाळ लई फुगतो म्हंत्यात, जरासा दे ना किसन, म्हणत तिनं वाटी पुढे केली. तेव्हा तरी तोंड उघडायचं. मी वाटी भरून दिली. आज रोट्या अशा फुगल्या की शेजारणी विचारायला आल्या. चाचीनं स्वतः खाल्ल्या, मला वाढल्या. आता जुम्म्याच्या न्याजेला, अल्लाच्या नावानं वाटायच्या जेवणालाही ती त्याच खमिराच्या रोट्या करणार आहे.

ते मी होऊ देणार नाही. हे पत्र तुला मिळेल तोवर मी तिला सगळं सांगितलेलं असेल. मग तिनं माझं ताट मांडलं नाही तरी माझी तक्रार नाही. तू मात्र जमेल तसा ये, तिला तू जवळ हवास. आणि तुझा चुलतभाऊ गयासोद्दीन आजच्या गाडीनं निघालाय, त्याच्या हाती तिनं तुझ्यासाठीही त्या रोट्या रुमालात बांधून दिल्यात. देताना तिचा चेहरा इतका खुलला होता की तिच्यासमोर मला अडवता आलं नाही. म्हणून हे घाईघाईनं लिहून त्याच्याच खिशात घालतोय. नजीर, रुमालाची गाठ सोडू नकोस.

तुझाच,
रामकिसन