सात वाजून दहा मिनिटं

मंगळवार, ४ मार्च

कप्पा रिकामा करायचा आहे. भावजय सरळ कधीच म्हणत नाही. "ताई, तुमच्या त्या खालच्या कप्प्यात काय असतं हो?" — म्हणजे तिला तो हवा आहे. लेकीच्या लग्नाची खरेदी ठेवायला. लग्न अजून ठरलेलं नाही. कप्पा ठरला!

सव्वीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. त्याचा ऐवज एवढाच निघाला: दोन शिट्ट्या, किल्ल्यांची रिकामी कडी, निरोपाला दिलेलं न चालणारं पेन. आणि एक लिफाफा. वर माझ्याच ठसठशीत अक्षरात — 'खोली तेरा. पुरावा.' खाली मुलीच्या वडिलांचा पत्ता.

आत मनगटी घड्याळ. काटे सात वाजून दहा मिनिटांवर.

बुधवार, ५ मार्च

एकतीस वर्षं झाली. फाटक साडेसातला बंद व्हायचं. खोली तेरा आठ वाजून वीस मिनिटांनी आली, केस विस्कटलेले, चेहरा असा उजळलेला की मला पाहूनच राग आला. म्हणाली, घड्याळ बंद पडलं. मी म्हटलं, बंद पडलं नाही, तू चावी न देता बंद पडू दिलंस. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या, काही मुली सबब आधी शिवतात आणि उशीर मागून बेततात. ते डोक्यात पक्कं बसलं होतं.

घड्याळ जप्त केलं. वडिलांना बोलावलं. दुसऱ्या दिवशी ट्रंक फाटकाबाहेर. परीक्षा दोन महिन्यांवर होती. ती रडली नाही. तेही मी उद्धटपणातच धरलं.

शुक्रवार, ७ मार्च

कोपऱ्यावरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकान कसलं, काचेचं कपाटच, आत एक माणूस मावतो आणि बाहेर एक स्टूल. माणूस माझ्याच वयाचा. डोळ्याला भिंग लावून त्याने झाकण उघडलं, चिमट्याने आत चाचपलं. मग विचारलं, "बाई, तुम्ही याला चावी देऊन पाहिली होती का?"

म्हटलं, नाही. गरज वाटली नाही.

"आतली स्प्रिंग तुटलीय. ती अशी तुटते ती पूर्ण भरलेली असताना. जिचं कुणाचं असेल, तिने त्या दिवशी सकाळी चावी दिली होती."

मी स्टुलावर बसले. त्याने पाणी दिलं. कुणाचं म्हणून विचारलं नाही.

शनिवार, ८ मार्च

दोन बोटांनी चावी फिरवायची होती. एवढंच. एकतीस वर्षांत एकदाही नाही.

शुक्रवार, २१ मार्च

स्प्रिंग मिळायला वेळ लागतोय म्हणून रोज विचारायला जाते. हे कारण पहिल्या आठवड्यात खरं होतं.

आता मी स्टुलावर बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, कारण भिंग डोळ्याला असताना त्यांना वाचता येत नाही. चुका वाचतावाचताच दुरुस्त करते. ते म्हणाले, तुमच्या तोंडून बातमी ऐकली की बातमीतल्या माणसांची कीव येते. हसले मी — मोठ्याने, रस्त्यावर! शेवटचं असं कधी हसले होते, आठवेना. बायको जाऊन त्यांना सहा वर्षं झाली. मला जायला कुणी नव्हतंच.

घरी चार खोल्या आणि चार माणसं. संध्याकाळी प्रत्येक जण आपापल्या फोनशी बोलतो. मी भाजी निवडते आणि तिच्याशी बोलते.

बुधवार, ९ एप्रिल

धाकटा भाऊ आज खोलीत येऊन उभा राहिला. दार लोटून घेतलं. हा पाच वर्षांचा असताना आई गेली, त्याच्या बुटांच्या नाड्या मी बांधल्या आहेत. तो म्हणाला, "ताई, लोक बोलतात गं."

कोण लोक? तर मुलीला पाहायला येणाऱ्या घरातल्या बाईंच्या कुणीतरी मैत्रिणीने मला स्टुलावर पाहिलं. 'मुलीची आत्या का ती, घड्याळवाल्याकडे बसते ती?' झालं.

मी म्हटलं, बसते, उभं राहवत नाही म्हणून. तो हसला नाही. या वयात शोभतं का, वगैरे. मग एकदम मवाळ — मुलीचं ठरेपर्यंत तरी. रोज जाऊ नकोस, रविवारी जा, आणि सातच्या आत घरी ये.

सातच्या आत! मी मुलींना साडेसात दिले होते.

आणि माझं तोंड — ज्या तोंडाला दोनशे मुली आणि तीन प्राचार्या टरकायच्या — ते म्हणालं, "बरं."

गुरुवार, १७ एप्रिल

गेले नाही. भाजी निवडली.

रविवार, २० एप्रिल

घड्याळ झालं. चालतंय. पैसे घ्यायला तयार नव्हते, मी घ्यायला लावले.

त्यांनी विचारलं, ४ मेला रविवारी बागेत वाद्यवृंद आहे, सहा ते आठ, याल का? खुर्च्या असतात, म्हणजे तुमचं स्टूल सुटेल. मी म्हटलं, मला सातपर्यंतच परवानगी आहे.

त्यांनी भिंग काढलं. "कोणाची?"

मी घड्याळ पर्समध्ये टाकलं आणि उठले. पावणेसातला घरी. कुणी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

सोमवार, २१ एप्रिल

घड्याळ लिफाफ्यावरच्या जुन्या पत्त्यावर पाठवलं. चिठ्ठी चार वेळा लिहिली. शेवटी राहिलं ते इतकंच: तू खरं बोलली होतीस. मी चावी देऊन पाहिली नाही. चूक माझी.

वडील असतील की नाही, घर असेल की नाही, देव जाणे.

बुधवार, ३० एप्रिल

पाहुणे ४ मेलाच येणार. संध्याकाळी सातला. धाकटा म्हणाला, तू घरात असायला हवीस, नाहीतर आत्या कुठे म्हणून विचारलं तर मी काय सांगू? मी दुकानावर जाऊन सांगून आले की जमणार नाही. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "खुर्ची धरून ठेवतो. नाही आलात तर टोपी ठेवीन तिच्यावर."

परतताना दुकानांच्या काचांत स्वतःला पाहिलं. पाठ ताठ. सिस्टरांनी शिकवलेली. कुणासाठी इतकी ताठ, कळलं नाही.

रात्री भाची पाण्याचा तांब्या ठेवायला आली. दारातून वळून म्हणाली, "आत्या, तू माझ्या नावावर घरात बसू नकोस. एका स्टुलावरून ज्यांचा नकार येणार असेल, तो आत्ताच आलेला बरा."

बावीस वर्षांची आहे. तिच्या वयाच्या मुलींना मी ओळीत उभं करायचे.

शुक्रवार, २ मे

उत्तर आलं! तिच्या भावाने पार्सल पुढे पाठवलं होतं. अक्षर अजून तसंच तिरकं. मी अर्ध्या तासात तीनदा वाचलं.

परीक्षा राहिली ती राहिलीच. वडिलांनी वर्षभरात लग्न लावून दिलं, दुसऱ्याच कुणाशी. माणूस वाईट नव्हता. आता ती शिवणाचा क्लास चालवते, गुडघे दुखतात. माफ केलं असं कुठेही लिहिलेलं नाही. मीही शोधायचं थांबवलं. शेवटच्या ओळी उतरवून ठेवते:

'बाई, घड्याळ खरंच बंद पडलं होतं. पण आता लपवण्यासारखं काही नाही म्हणून सांगते, ते चालू असतं तरी मी उशिराच आले असते. त्या संध्याकाळइतकी सुखात मी पुन्हा कधी नव्हते. तुम्हाला तेव्हा खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं मला नेहमी वाटतं. ट्रंक तर बाहेर जाणारच होती.'

शनिवार, ३ मे

निळी साडी इस्त्री केली. भावजयीने विचारलं, पाहुण्यांसाठी का? मी पदरावरून पुन्हा इस्त्री फिरवली. खोटं बोलायचं नव्हतं.

रविवार, ४ मे

परतले: आठ वाजून वीस मिनिटं. पाहुणे बाहेरच्या खोलीत ओळीने बसलेले, सगळे माझ्याकडे बघत. धाकट्याने दारातच सबब हातात दिली, बिचाऱ्याने माझ्या भल्यासाठीच — "ताई, घड्याळ बंद पडलं का गं?"

म्हटलं, "नाही रे. अगदी बरोबर चालतंय." आणि मागे वळून, टोपी हातात घेऊन दाराबाहेर उभ्या असलेल्या त्यांना म्हटलं, आत या.