दोघी जेवलात का?

२१ जानेवारी

प्रिय इंजिन,

सप्रेम नमस्कार. मी इथे मजेत आहे, तू आणि तुझी आई तिथे ठणठणीत असाल असं धरून चालते. काकूंचा खोकला पूर्ण गेला का? त्यांना माझा नमस्कार सांग.

इतक्या दिवसांनी आणि तेही चक्क पत्र, म्हणून डोळे पांढरे करू नकोस. तुझ्या एकाही मेसेजला मी उत्तर दिलेलं नाही, आता एकदम "काय गं, कशी आहेस" विचारायला तोंड नाही. शिवाय हे पत्र एका खोक्यात सगळ्यात वर ठेवायचं आहे. कसलं खोकं ते सांगतेच.

आधी बातम्या. आपल्या मजल्याची मी आता एकटी मालकीण आहे. कॉरिडॉरमधले दिवे माणूस आलं की आपोआप लागतात ना, ते हल्ली फक्त माझ्यासाठी लागतात. कपडे धुवायच्या मशीनसाठी आपण बादल्या ठेवून नंबर लावायचो, त्या कोपऱ्यातल्या मुलीशी तू कडाकडा भांडलीही होतीस, आठवतं? आता सगळी मशीनं रिकामी आणि मी आठवड्याला एक बारकंसं गाठोडं घेऊन जाते. फ्रिजमध्ये गेलेल्या मुलींच्या नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या तशाच आहेत. फेकून द्यायला हव्यात, पण माझ्याने फेकवत नाहीत.

वर्ग सगळे स्क्रीनवर. सर काळ्या चौकोनांना शिकवतात. एक मुलगा त्याच्या घरून बसतो, त्याच्यामागे नेमका प्रश्न विचारल्यावर कोंबडा आरवतो. परवा सरांनी वैतागून त्या कोंबड्याचीच हजेरी घेतली. सगळे हसले असणार, पण माइक बंद असल्यामुळे मला फक्त माझंच हसणं ऐकू आलं.

खोलीबाहेर पडते ती ग्रीनहाऊसपुरती. माझा घेवडा छान वर चढलाय. प्रयोगातलं खारं पाणी पिऊनही एक वाण हट्टाने फुलतोय, अगदी तुझ्यासारखा. बाकी दोन वाण माना टाकून बसलेत. गाईड घरून फोनवर सांगतात, "झाडांना तुझ्याशिवाय कोणी नाही, एक दिवस चुकवू नकोस." आणि या देशातून गेलेल्यांना पुन्हा आत घेत नाहीत, हे मी तुला काय सांगायचं.

आता मुद्द्यावर येते. चिडू नकोस, पण मी तुझ्याबद्दल आमच्या घरी थोडं खोटं बोलले आहे. थोडं म्हणजे बरंच. खरं सांगायचं तर आमच्या घरच्यांच्या मते तू अजून इथेच राहतेस.

बाबांची अट तुला माहीत होती. साथीमुळे सगळं बंद झालं त्याच आठवड्यात त्यांनी दम भरला होता, "दोघी असाल तोवर राहा. एकटी पडलीस की मिळेल त्या विमानाने घरी. शिक्षण गेलं चुलीत." तुझी आई दवाखान्यात, तुला ऐनवेळी मिळालेली ती विमानातली जागा, तू दारात उभी राहून म्हणालीस, "दोन महिन्यांत येते गं." त्या संध्याकाळी बाबांनी फोनवर रोजच्यासारखं विचारलं, "काय, दोघी जेवलात का?" आणि मी म्हटलं, "हो."

बस्स, तिथून सुरू झालं. एकदा हो म्हटल्यावर तुला जेवू घालणं भाग होतं. आधी तू नेहमी अंघोळीला गेलेली असायचीस. मग माणूस किती अंघोळ करणार, म्हणून तुला सर्दी झाली, आवाज बसला. मग तू स्वयंपाक शिकायला घेतलास आणि सलग तीन वेळा भात करपवलास. त्यावर आई इतकी हसली की पुढच्या आठवड्यात तुझ्याकडून दूध उतू घालवलं. तुझं एक प्रेमप्रकरणही जुळवणार होते, पण आईने तुझ्या आईचा नंबर मागितला असता. व्हिडिओ कॉल करण्यापूर्वी मी तुझी खिडकीकडची खाट मागे दिसेल अशी बसायचे. तुझी चादर, तुझी उशी, टेबलावर दोन मग. मधेच न्हाणीघराकडे तोंड करून ओरडायचेही, "अगं, नळ बंद कर!"

हसलीस ना? मीही हसत होते. मग एकदा फोन ठेवल्यावर तुझ्या खाटेकडे बघून म्हणाले, "आता दिवा मालव गं." म्हटलं आणि तशीच बसून राहिले. इंजिन, तुझ्या घोरण्याला मी किती शिव्या घातल्या, उशा फेकून मारल्या. आता खोलीत इतकी शांतता असते की माझाच श्वास मला मोठा वाटतो.

त्यानंतर वसतिगृहाच्या ऑफिसातल्या बाई दारात येऊन लांब उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुझ्या मैत्रिणीने प्रवेश रद्द केलाय. सामान बांधून ठेव, खाट उचलायला माणसं येतील." मला वाटलं बाईंची काहीतरी गल्लत झाली. मी तुझ्या बाजूने त्यांच्याशी भांडलेसुद्धा. दोन दिवसांनी तुझा मेसेज आला, की गावातल्या शाळेत नोकरी धरलीस, आईला सोडून आता येणं नाही, सामान पाठवशील का.

मला फार राग आला होता. तू गेलीस म्हणून नाही. काकूंना टाकून कोण येईल? पण मी इथे रोज तुला जेवू घालत होते, तुझी सर्दी काढत होते, आणि तू परत येणार नाहीस हे मला त्या बाईंच्या तोंडून कळावं? म्हणून उत्तर दिलं नाही. सामान पाठवलं की तू खरंच गेलीस असं होईल, तेही होतंच.

गेल्या आठवड्यात आईने भलत्याच वेळी व्हिडिओ कॉल केला, तेव्हा मी माझ्या खाटेवर उशीला टेकून बसले होते. बाबा बाहेर गेले होते. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ती म्हणाली, "तुझा अभ्रा पार विटला की गं."

निघताना तिने आपल्या दोघींना एकाच कापडाचे अभ्रे शिवून दिले होते ना, निळ्या फुलांचे, ते. मी म्हटलं, धुऊन धुऊन विटणारच.

"तिचा मात्र अजून नवाकोरा आहे," आई म्हणाली. "पोरगी उशीशिवाय झोपते का?"

रोज तीच उशी मी पुरावा म्हणून मागे मांडत होते.

"कधी गेली ती?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. मला तर दिवाळं निघाल्यासारखा तुझा चेहरा दिसायचा, आणि तिच्याबद्दल विचारलं की तू खुलायचीस. म्हणून विचारत राहिले. तिने भात करपवला की तू पोटभर हसायचीस बघ."

मग मी जी रडले, आईने रडू दिलं. शेवटी म्हणाली, "तिचं सामान पाठव आधी. तिला गरज असेल त्याची. आणि बाबांना तू सांग. मी नाही सांगणार."

काल सांगितलं. बाबा म्हणजे बोलले की करून दाखवणारे. विमान, परत न येता येणं, माझा अर्धा फुललेला घेवडा, सगळं डोळ्यांपुढे आलं. त्यांनी नेहमीचं विचारलं, "दोघी जेवलात का?" मी म्हटलं, "बाबा, मी एकटीच जेवले. ती केव्हाच गेली. मी कधीपासून एकटीच आहे."

मला वाटलं रेंज गेली. मग बाबा म्हणाले, "पण तू जेवत होतीस ना?"

"हो."

"रोज?"

"बहुतेक."

मागून आईचा भांड्यांचा आवाज येत होता. मग बाबांनी विचारलं, "तो तुझा घेवडा कधी निघायचा?" मी म्हटलं, मेमध्ये. "मग मेपर्यंत फोन समोर ठेवून जेवायचं. आमचा तेव्हा चहा होतो. बोलली नाहीस तरी चालेल, पण बंद करायचा नाही." एवढं म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला. आई म्हणाली, डोळे पुसायला गेलेत.

तर आज सामान बांधलं. तुझी पुस्तकं, लोकरीचे मोजे, चष्म्याचं जुनं घर, ती हँडल तुटलेली छत्री (का गं जपलीस?), चपला. सगळं आहे, फक्त तुझा अभ्रा मी ठेवून घेतला. त्याच्या जागी माझा विटका घातलाय. नवा तुझ्याकडे जाऊन काय उपयोग, या खोलीत कुणी राहिलं होतं हे त्यावरून कुणाला कळणार नाही.

राग गेलाय आता. आठवण तेवढी येते, आणि ती पुष्कळ येते. उद्या माणसं खाट न्यायला येतील. एकच न्यायची आहे, कुठली ते मी ठरवायचं, असं बाई म्हणाल्या. मी भिंतीकडची, माझी देते.

सामान पोचलं की मला नको, आईला फोन कर. नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. काल सगळं झाल्यावरही फोन ठेवता ठेवता तिने विचारलंच, "आणि ती कशी आहे?" इतके दिवस मी सांगितलं, आता खरं काय ते तू सांग.

तुझी
हेडबाई
(खिडकीकडच्या खाटेवरून)